साठ आणि एकसष्ट : रमीच्या दोन तऱ्हा

रमी येते असे म्हणणाऱ्या विद्यार्थ्याला मी नेहमी एक प्रतिप्रश्न करतो : कोणती रमी? पॉइंटची की पूलची? उत्तर बहुधा असे येते की, सर, रमी ती रमी. तेरा पाने, दोन सिक्वेन्स, त्यांतला एक प्युअर, झाला खेळ. पाने तेरा हे खरे आणि शो करण्याचे नियम तेच हेही खरे. पण हातात आलेल्या त्याच तेरा पानांना एका खेळात 'खेळू या' म्हणावे लागते आणि दुसऱ्या खेळात 'टाकून द्या' म्हणावे लागते. हा फरक ज्याच्या ध्यानात येत नाही तो सगळे नियम पाठ असूनही हरत राहतो आणि दोष मात्र पानांना देतो.

महाविद्यालयाच्या वार्षिकात पत्त्यांवर लेख पाहून काही ज्येष्ठ सहकाऱ्यांच्या भुवया उंचावतील. त्यांच्या समाधानासाठी सांगतो की, सर्वोच्च न्यायालयाने के. सत्यनारायण खटल्याच्या निकालात (१९६८) रमी हा मुख्यत्वेकरून कौशल्याचा खेळ मानला आहे. पडलेली पाने लक्षात ठेवावी लागतात, कोणते पान धरावे आणि कोणते टाकावे याचा विचार करावा लागतो, म्हणून. तीन पत्तीच्या वाट्याला हा मान आला नाही. शिवाय ज्याला आज आपण संभाव्यतेचे गणित म्हणतो त्याचा उगमही अशाच एका अर्धवट राहिलेल्या डावात आहे. त्याकडे लेखाच्या शेवटी वळेन.

आधी दोन्ही खेळांची ओळख करून घेऊ. पॉइंटच्या रमीत प्रत्येक डाव स्वतंत्र असतो. कोणी शो केला की बाकीच्यांनी हातात न जुळलेली पाने मोजायची. एक्का, राजा, राणी, गुलाम यांचे दहा-दहा, दश्शीपासून दुर्रीपर्यंत पानावर असेल तेवढे, जास्तीत जास्त ८०. प्युअर सिक्वेन्सच नसेल तर सगळीच पाने मोजली जातात. तेवढे पॉइंट ठरलेल्या दराने जिंकणाऱ्याला द्यायचे आणि हिशेब तिथेच मिटला. सुरुवातीलाच पाने वाईट वाटली तर 'पॅक' म्हणून डाव सोडता येतो, त्याचे २० पडतात. एक-दोन पाने उचलून मग सोडला तर ४०.

पूलच्या रमीत सर्वांनी सारखी वर्गणी काढून मध्ये ठेवायची. पॉइंट पैशांत द्यायचे नाहीत, वहीत लिहायचे. डावामागून डाव ते साठत जातात आणि ज्याचे १०१ भरले तो बाहेर. शेवटी उरेल त्याची सारी वर्गणी. पॅकचे २० आणि ४० इथेही तसेच. काही ठिकाणी २०१ चा पूल खेळतात, त्यात पॅकला २५ आणि ५०.

बदलापूरहून सकाळी मुंबईला जाणाऱ्या गाडीत हे दोन्ही खेळ चालताना पाहायला मिळतात. मी स्वतः प्राध्यापकी पत्करण्यापूर्वी काही वर्षे त्या गाडीने फोर्टात नोकरीला जात असे. चार गुडघ्यांवर एक ब्रीफकेस किंवा घडी घातलेले वर्तमानपत्र, त्यावर पाने, आणि कोपऱ्यात बसलेल्याकडे वही. कुठला गट कुठला खेळ खेळतो याला एक साधे कारण असते, आणि ते कोणाच्या स्वभावात नसून तिकिटात असते. ज्या गटातला एक अंबरनाथला चढतो, दुसरा उल्हासनगरला, आणि एकजण ठाण्याला उतरून जातो, तो गट पॉइंटची रमी खेळतो. कारण कोणीही कधीही आले-गेले तरी खेळ अडत नाही. ज्या गटातले सगळे बदलापूरलाच बसतात आणि शेवटच्या स्टेशनापर्यंत जातात, त्यांनाच पूल परवडतो. सुमारे दीड तासाचा प्रवास. तेवढ्यात एक पूल कसाबसा संपतो. कधी संपत नाही, तेव्हा काय करायचे हा एक वेगळाच प्रश्न उभा राहतो.

आता मुख्य मुद्दा. पॉइंटच्या रमीत प्रत्येक पॉइंटची किंमत सारखी आहे. पहिल्या डावातला एक पॉइंट आणि चाळिसाव्या डावातला एक पॉइंट यांत काडीचा फरक नाही. तुम्ही आत्तापर्यंत जिंकत आला आहात की हरत, याचा समोरच्या तेरा पानांशी काही संबंध नाही. तेव्हा विचार करायचा तो एवढाच : असे पान शंभर वेळा आले तर खेळून जास्त जाईल की सोडून?

एक उदाहरण करून पाहू. चौघेजण खेळत आहेत. समजा जिंकलो तर तिघांकडून मिळून सरासरी ९० पॉइंट मिळतात आणि हरलो तर सरासरी ४५ जातात. हातात एक जोकर आहे, बदामची पंजी-छक्की लागून आहे, बाकी पाने विखुरलेली. अंदाज असा की अशा चार डावांत एक जिंकू. चारही वेळा खेळलो तर एकदा ९० आले, तीनदा मिळून १३५ गेले; नुकसान ४५. चारही वेळा पॅक केले तर नुकसान ८०. म्हणजे हा हात जिंकणारा नसूनही खेळण्याजोगा आहे, कारण सोडणे त्याहून महाग पडते. हेच पान आणखी थोडे वाईट असते, जोकर नसता आणि वीस डावांत तीनच जिंकले असते, तर खेळून २७० येऊन ७६५ गेले असते, नुकसान ४९५. पॅक करून ४००. मग मुकाट्याने सोडावे. आकडे मी हिशेबापुरते घेतले आहेत, पण विचाराची रीत हीच. नवशिका इथे दोन टोकांना जातो. एकतर 'वीसच जातील ना' म्हणून सारखा सोडत राहतो, नाहीतर 'बघू तरी' म्हणून सगळेच खेळतो. वीस हा आकडा लहान दिसतो. पाच वेळा पॅक केले की शंभर झाले, हे त्याला रात्री हिशेब करताना कळते.

हेच पान, तोच जोकर आणि तीच पंजी-छक्की, आता पूलमध्ये आणू. वहीत तुमच्या नावापुढे १५ आहेत. खेळलात आणि ४५ नी हरलात तर ६० होतील; आत आहात. पॅक केलेत तर ३५. खेळायला हरकत नाही. आता समजा वहीत ६० आहेत. पॅक केले तर ८०, अजून एक पॅक शिल्लक. खेळून ४५ नी हरलात तर १०५, म्हणजे बाहेर. चारांत तीनदा हरणारे पान घेऊन सगळ्या पूलवर पाणी सोडायचे का? अर्थात नाही, पॅक. आता तिसरी स्थिती, वहीत ८५ आहेत. पॅक केले की १०५. म्हणजे सोडणे आणि मरणे एकच. मग हेच काय, याहून वाईट पान आले तरी खेळलेच पाहिजे. एकच हात, तीन उत्तरे, आणि उत्तर हातातल्या पानांत नव्हते. ते वहीत होते.

म्हणून पूल खेळणाऱ्याने आपले पॉइंट मोजू नयेत, उरलेले पॅक मोजावेत. ०१ पासून २० पर्यंत कुठेही असा, तुमच्याकडे चार पॅक आहेत. २१ ते ४० मध्ये तीन. ४१ ते ६० मध्ये दोन. ६१ ते ८० मध्ये एक. ८१ च्या पुढे शून्य. (कोऱ्या पाटीवर पाच, पाच पॅक केले तरी बरोबर १०० होतात आणि माणूस आत राहतो, हा त्या १०१ आकड्याचा चमत्कार आहे. २०१ च्या पूलमध्ये पंचवीसचे आठ पॅक होऊन असेच बरोबर २०० भरतात. ज्याने कोणी हे नियम बसवले तो वेडा नव्हता.)

या तक्त्याकडे जरा नीट पाहिले तर एक गंमत दिसते. ४२ आणि ५९ यांत सतरा पॉइंटांचे अंतर आहे, पण दोघांच्याही पदरी दोनच पॅक. उलट ६० आणि ६१ यांत अंतर एकाच पॉइंटाचे, पण साठवाल्याकडे दोन पॅक आणि एकसष्टवाल्याकडे एकच. तो एक पॉइंट अख्ख्या पॅकच्या किमतीचा झाला! आमच्या विद्यार्थ्यांना हे समजावून सांगायची गरज पडू नये. ३४ गुणांचा आणि ३५ गुणांचा भेद त्यांच्याइतका कोणाला ठाऊक असणार? ३६ आणि ४४ मिळवणारे मात्र एकाच रांगेत बसून पुढच्या वर्गात जातात. पॉइंटची रमी हे रोजच्या गल्ल्यासारखे आहे, उल्हासनगरच्या बाजारात दुकान मांडून बसल्यासारखे. आलेला प्रत्येक रुपया रुपयाच असतो. पूलची रमी ही परीक्षा आहे.

याचा व्यवहारात उपयोग कसा होतो ते पाहा. वहीत ३८ आहेत, डाव हरणार हे दिसते आहे, हातात न जुळलेली चौकटची राणी, किल्वरची नव्वी आणि इस्पिकची चौव्वी अशी २३ ची पाने आहेत. असेच हरलात तर ६१. राणी टाकून तिच्या जागी गड्डीतून आलेली तिर्री ठेवली तर १६, म्हणजे ५४. पॉइंटच्या खेळात या अदलाबदलीने सात पॉइंटांचे पैसे वाचले असते, बस. इथे एक पॅक वाचला. आणि वहीत ४३ असते तर? मग ६६ झाले काय आणि ५९ झाले काय, यात पुन्हा एक रेषा ओलांडली जाते. पण वहीत ३० असते तर ५३ आणि ४६ दोन्ही एकाच कप्प्यात. तेव्हा राणी धरून राजा-गुलामाची वाट पाहण्यात फारसे जात नाही. गाडीतले एक निवृत्तीला आलेले गृहस्थ, ज्यांना सगळा डबा काका म्हणे, पान उचलण्याआधी शेजाऱ्याला हमखास विचारत, "वहीवाले, मी किती?" नवीन आलेला पोरगा म्हणाला, "काका, पानं तर बघा आधी." काका म्हणाले, "अरे बाबा, पानं कशी दिसतात ते मी कितीवर आहे त्यावर ठरतं."

ऐंशीच्या पुढे गेलेल्याची खेळी तर अगदीच निराळी. त्याला डाव जिंकायचा नसतो, डावातून जिवंत बाहेर पडायचे असते. ८५ वर असलेल्याला १५ पर्यंत हरता येते. म्हणून त्याने सर्वांत आधी प्युअर सिक्वेन्स लावावा, दुसऱ्या सिक्वेन्सच्या मागे लागावे, आणि चित्रांची पाने पहिल्या दोन-तीन फेऱ्यांतच फेकून द्यावीत, मग ती कितीही सुंदर जुळत येताना दिसोत. हातात दुर्री, तिर्री, चौव्वी राहिल्या तर दुसऱ्याने शो केला तरी श्वास चालू राहतो. नवशिका नेमके इथे उलट वागतो. आता काय गेलेच, म्हणून मोठ्या डावाच्या मागे लागतो.

दुसऱ्यांच्या आकड्यांकडेही पाहावे लागते, आणि पॉइंटच्या खेळात याला काहीच स्थान नाही. समजा तुम्ही ४० वर आहात, समोरचा ९५ वर. त्याला पॅक नाही, प्रत्येक डाव खेळणे भाग आहे. तुमचे पान मध्यम असेल तर सोडून द्यावे. तिसरा कोणी शो करील आणि ९५ वाला आपोआप जाईल. तुमचे काम दुसऱ्याने केले. यात एक मेख मात्र आहे. सगळ्यांनीच हा शहाणपणा केला आणि एकामागून एक पॅक म्हटले, तर तो ९५ वाला न खेळताच डाव जिंकतो, ९५ वरच राहतो आणि बाकीच्यांना वीस-वीस पडतात. कोणीतरी उभे राहावेच लागते. बहुधा ज्याचे पान चांगले तो राहतो. कधी कधी ज्याचा स्वभाव चांगला तो.

पोकर हा खेळ आपल्याकडे अलीकडे तरुणांच्या तोंडी ऐकू येतो. त्यातही नेमकी हीच दोन घरे आहेत. होल्डेम नावाच्या प्रकारात प्रत्येकाला दोन पाने झाकून मिळतात, मध्ये पाच पाने क्रमाने उघडतात, आणि दर टप्प्याला बोली लागते. बोली सुरू व्हावी म्हणून दोघांना सक्तीने काही रक्कम मांडावी लागते, तिला ब्लाइंड म्हणतात. कॅश गेममध्ये टेबलावरची चिप म्हणजे रोख पैसा. ब्लाइंड तेवढाच राहतो, हरलात तर आणखी पैसे घालता येतात, वाटेल तेव्हा उठता येते. टूर्नामेंटमध्ये प्रवेशशुल्क एकदा भरायचे, चिपांचे पैसे मिळत नाहीत, ब्लाइंड ठराविक वेळाने वाढत जातो, चिपा संपल्या की घरी, आणि बक्षीस शेवटच्या काही जणांनाच. पहिली म्हणजे आपली पॉइंटची रमी, दुसरी म्हणजे पूल. फरक इतकाच की पूलमध्ये सारे एकाला मिळते, टूर्नामेंटमध्ये वाटून.

टूर्नामेंटमधली चिप कशी पैसा नव्हे, ते एका हिशेबाने पटते. दहा जणांनी हजार-हजार भरले; बक्षिसे ५०००, ३००० आणि २०००. चौघे उरले आहेत, प्रत्येकाकडे सारख्या चिपा. चौघेही सारखेच चांगले खेळतात असे धरले तर प्रत्येकाची जागा २५०० रुपयांची. आता तुमच्यापुढे प्रश्न येतो : सगळ्या चिपा लावून समोरच्याशी बरोबरीची झुंज घ्यायची का? हरलात तर हाती शून्य, कारण चौथ्याला बक्षीस नाही. जिंकलात तर चिपा दुप्पट होतील. पण जागा दुप्पट होते का? निम्म्या चिपा तुमच्याकडे, म्हणून पहिले येण्याची शक्यता निम्मी. दुसरे येण्याची एक तृतीयांश. तिसरे येण्याची एक षष्ठांश. ५००० चे निम्मे २५००, ३००० चा तिसरा हिस्सा १०००, २००० चा सहावा हिस्सा ३३३. बेरीज ३८३३. दुप्पट म्हणजे ५००० व्हायला हवे होते. तेव्हा २५०० ची जागा पणाला लावून ३८३३ मिळवायचे, तर शंभरांत ६५ वेळा तरी जिंकण्याची खात्री हवी. कॅश गेममध्ये पन्नासाच्या वर एक असला तरी घ्यावे. राणीची जोडी हातात असेल आणि समोर एक्का-राजा असेल तर शंभरांत साधारण पंचावन्न वेळा राणी जिंकते. कॅशमध्ये आनंदाने खेळावे. इथे पाने टाकून द्यावीत.

आणि ते कमी पडलेले पैसे जातात कुठे? जे दोघे हात बांधून बसले होते त्यांच्याकडे. एकजण बाहेर पडताच त्या दोघांची प्रत्येकी जागा २५०० वरून ३०८३ होते. ५८३ रुपये काहीही न करता. झुंजणारे दोघे सरासरीने प्रत्येकी तेवढेच घालवतात. चाळीस वर असलेल्याने पॅक म्हणून ९५ वाल्याचे मरण पाहत बसणे ते हेच.

उलट दिशेचीही एक गोष्ट आहे. हातात दुर्रीची जोडी आली तर मधल्या पहिल्या तीन पानांत तिसरी दुर्री येण्याची शक्यता साडेआठांत एकदा. कॅश गेममध्ये दोघांकडेही ब्लाइंडच्या शंभरपट पैसा असतो, त्यामुळे थोडे घालून पाहणे परवडते. लागले तर मागचे सारे भरून निघते. टूर्नामेंटच्या उत्तरार्धात ब्लाइंड वाढून तुमच्याकडे त्याच्या दहापटच चिपा उरल्या असतील, तर 'थोडे घालून पाहू' हा प्रकारच उरत नाही. एकतर सगळ्या लावायच्या, नाहीतर पाने टाकायची. कॅशमध्ये संयमाने बसून राहणारा टिकतो. टूर्नामेंटमध्ये तोच संयम ब्लाइंड खाऊन टाकतो.

आतापर्यंत पॉइंटची किंमत पाहिली. दुसरा फरक मला त्याहूनही महत्त्वाचा वाटतो. पूलमध्ये जास्तीत जास्त किती जाईल हे पहिले पान वाटण्याआधी ठरलेले असते : वर्गणी. टूर्नामेंटमध्येही तेच. पॉइंटच्या रमीत एका डावाला ८० ची मर्यादा आहे, पण डावांना मर्यादा नाही. कधी थांबायचे हे नियमात कुठेच लिहिलेले नाही. ते खेळणाऱ्याने घरून आणायचे असते. गाडीत याची चिंता पडत नाही, कारण स्टेशन आले की उतरावेच लागते. ठाणे आले की हरणारा उठतो आणि जिंकणाराही. पण दिवाळीत उल्हासनगरच्या घराघरांतून रात्री पत्ते बसतात तिथे ठाणे येत नाही. तिथे हरणारा 'एवढे भरून निघू दे' म्हणतो, जिंकणाऱ्याला 'मध्येच कसा उठतोस' म्हणतात. म्हणून ज्यांच्या घरची मोठी माणसे जाणती आहेत तिथे मी पाहिले आहे की, बारा वाजता थाळी पुढे येते आणि पत्ते गोळा होतात, कोणी कितीवर आहे हे न विचारता.

महाभारतातही दोन द्यूत आहेत हे आपण विसरतो. पहिल्या द्यूतात पण प्रत्येक फाशाला वाढत गेला, मर्यादा कोणी घातली नाही, आणि युधिष्ठिर उठला नाही. दुसऱ्यात, अनुद्यूतात, एकच फासा आणि पण आधी ठरलेला : बारा वर्षे वनवास, एक वर्ष अज्ञातवास. हरला तो दोन्हींत. पण दुसऱ्यात किती हरणार हे आधी ठाऊक होते, आणि तेरा वर्षांनी ते फिटलेही. सभेतले जे घडले ते पहिल्यात घडले.

फोनवर रमी आली तेव्हा तिथे स्टेशनही नव्हते आणि थाळीही नव्हती. एक डाव काही मिनिटांत, लगेच दुसरा. त्यात चालवणारा प्रत्येक डावातून आपला हिस्सा कापून घेई. सारख्या तोडीचे सहाजण खेळले तर दीर्घकाळात कोणाचे काही जात-येत नाही. पण प्रत्येक जिंकलेल्या रकमेतून समजा दहा टक्के बाहेर गेले तर सहाही जण हळूहळू रिकामे होतात, आणि जितके डाव जास्त तितके लवकर. २०२५ साली संसदेने कायदा करून पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांना मनाई केली. कौशल्याचा की नशिबाचा हा भेद त्यात ठेवला नाही. कॅसिनोंविषयी सांगायचे तर गोव्यात १९७६ च्या कायद्यातील पुढच्या दुरुस्त्यांमुळे ते परवान्याने चालतात. महाराष्ट्रानेही १९७६ सालीच कॅसिनोंचा कायदा केला होता, तो कधी अमलात आला नाही आणि २०२३ साली रद्द झाला. असो.

आता त्या अर्धवट डावाकडे. बदलापूरहून निघालेला सहा जणांचा पूल, प्रत्येकाचे दहा रुपये, मध्ये साठ. भायखळा गेले, पाने पुन्हा वाटायला वेळ नाही, आणि तिघेजण अजून आत आहेत : एक ४२ वर, एक ७५ वर, एक ८८ वर. पैसे कसे वाटायचे? १६५४ साली फ्रान्समध्ये पास्कल आणि फेर्मा या दोन गणितज्ञांनी पत्रांतून नेमका हाच प्रश्न सोडवला : खेळ मध्येच थांबला तर पणाची वाटणी कशी करावी. त्यांचा मुद्दा असा की, मागे काय झाले ते पाहू नका, पुढे प्रत्येकाला जिंकण्याची शक्यता किती उरली ते पाहा. संभाव्यतेच्या गणिताचा पाया तिथे पडला असे मानतात.

गाडीतल्या मंडळींनी पास्कलचे नाव ऐकलेले असण्याचे कारण नाही. त्यांची रीत अशी : जिवंत असल्याचा प्रत्येकी एक भाग, आणि उरलेल्या प्रत्येक पॅकचा एक एक भाग. बेचाळीसवाल्याचे दोन पॅक, म्हणून तीन भाग. पंचाहत्तरवाल्याचा एक, म्हणून दोन. अठ्ठ्याऐंशीवाल्याकडे पॅक नाही, एक भाग. एकूण सहा भाग, साठ रुपये. तीस, वीस आणि दहा. अठ्ठ्याऐंशीवाल्याला त्याचे दहा परत मिळाले हे जरा जास्तच झाले असे माझे मत आहे. पुढच्या डावात पंधरा-वीस पॉइंटांनी हरला असता तरी तो गेला असता. पण हे मत मी त्या डब्यात मांडले तेव्हा वहीवाले म्हणाले, "सर, तो उद्याही आपल्याबरोबरच बसणार आहे," आणि वही बंद केली.